केमिस्ट्रीचा टीचर व्हायचंय? आधी प्रेपरेशन रूममध्ये जा

निकाल लागले की बीएस्सीवाले पोट्टे विचारतात, मॅडम आता एमएस्सी करू की सरळ बीएड. कागदावरचं उत्तर सोपं आहे, नववी-दहावीला ग्रॅज्युएशन आणि बीएड, अकरावी-बारावीला एमएस्सी आणि बीएड, सीनियर कॉलेजला एमएस्सीनंतर नेट किंवा सेट. पण वर्गात उभं राहिल्यावर आपल्याजवळ नेमकं काय असतं ते या कागदांवरून कळत नाही, मला त्याबद्दलच लिहायचंय.

केमिस्ट्रीची डिग्री टीचरला खूप देते हो, फक्त देताना कोणी सांगत नाही की हे तुला शिकवताना लागणार आहे. चुन्याच्या निवळीचा प्रयोग घ्या. स्ट्रॉने फुंकलं की निवळी दुधाळ होते, श्वासात कार्बन डायऑक्साइड आहे म्हणायचं आणि पुढे जायचं. पण वर्गात एक पोट्टा असतोच जो थांबत नाही, फुंकतच राहतो, आणि बऱ्याच वेळाने ते दुधाळ पाणी परत नितळ व्हायला लागतं. मग सगळा वर्ग ओरडतो, मॅडम हे काऊन झालं?

ज्याने केमिस्ट्री मन लावून केली त्याला इथे आनंद होतो. आधी कॅल्शियम कार्बोनेट झालं होतं, ते विरघळत नाही म्हणून पांढरं दिसलं, मग जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने त्याचं बायकार्बोनेट झालं आणि ते विरघळलं. आता तेच पाणी उकळून दाखवा, परत पांढरं होतं. बोअरचं पाणी तापवायच्या भांड्याला जो थर बसतो तो असाच बसतो. बीएस्सीला आपण ईडीटीए टायट्रेशन करून पाण्याचा हार्डनेस, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आहे ते काढतो, रंग वाइन रेडचा निळा होईपर्यंत थेंब थेंब टाकतो, ती सगळी मेहनत त्या एका "काऊन"ला उत्तर द्यायला कामी येते. पण केमिस्ट्रीच्या पेपरात हा प्रश्न असा येत नाही आणि बीएडच्या पाठ टिपणात तर नाहीच येत. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये हेच मांडलं होतं, की विषय येणं वेगळं, शिकवायच्या पद्धती येणं वेगळं, आणि हा विषय पोरांना कुठे अडतो आणि तिथे काय दाखवायचं हे ओळखणं आणखी वेगळं. हे तिसरं आपल्याकडे नोकरी लागल्यावरच शिकायला मिळतं, तोपर्यंत दोन-तीन बॅचेस निघून गेलेल्या असतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट लॅबची. कॉलेजात सगळं तयार मिळतं, बाटलीवर ०.१ मोलर अशी तीव्रता लिहिलेली, ब्युरेट भरा, सीबीआर (सारखं येणारं ब्युरेट रीडिंग) आली की जर्नलमध्ये लिहा. ते सोल्यूशन लॅबला लागून असलेल्या प्रेपरेशन रूममध्ये बनवतात लॅब अटेंडंट काका, आणि बऱ्याच शाळांमध्ये काका नसतात. कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, साधारण १२ मोलर असतं, एक लिटर ०.१ मोलर करायला जेमतेम साडेआठ मिली पुरतं, हे गणित सगळ्यांना येतं पण हाताने केलेलं नसतं. फिनॉल्फथॅलीन हा इंडिकेटर नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, अल्कोहोल लागतं. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत ठेवायचं. सल्फ्युरिक ॲसिड पाण्यात हळूहळू टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. यातलं काही माहीत नसलं की टीचर प्रॅक्टिकल टाळायला लागतो आणि मग फळ्यावरच प्रयोग होतात, आकृती काढा, निरीक्षण लिहा, झालं.

आपल्या नागपुरात सायन्स कॉलेजांची कमी नाही, हिस्लॉप १८८३ चं, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९०६ ची. एनईपीमुळे, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणामुळे, एमएस्सीला आता ऑन जॉब ट्रेनिंग आहे, त्यासाठी पोरं बुटीबोरी-हिंगण्याच्या कंपन्या शोधतात, आणि ते बरोबरच आहे, पण ज्याला शिकवायचंय त्याला ते ट्रेनिंग एखाद्या शाळेच्या लॅबमध्ये का करू देऊ नये? कपाट आवरायचं, एक्स्पायरी बघायची, सोल्यूशन बनवायचं, सातवीच्या पोरांसमोर हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवून लाल करून दाखवायचा.

कॉलेज हे करेल तेव्हा करेल, तुम्ही वाट पाहू नका. प्रॅक्टिकलच्या आधी अर्धा तास लवकर जा, सर-मॅडमची परवानगी घ्या, काकांना म्हणा की आजचं सोल्यूशन मी बनवतो, तुम्ही बाजूला थांबा. बहुतेक काका आनंदाने शिकवतात. गॉगल लावा, ॲप्रन घाला, आणि काका जे सांगतील ते जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.