तुम्ही विचारलंत म्हणून: लढाई अडीच पानांत, मग सहाशे पानं कशाला?

प्रश्न ठरलेला. "एवढी जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, आणि घडत तर काहीच नाही! वाचवते कशी तुम्हाला?" विचारणाऱ्याच्या आवाजात कीव असते. एकदाचं सांगून टाकतो.

पानिपतात कोण हरलं हे कळावं म्हणून कुणी कादंबरी उघडत नाही. निकाल आपल्याला पाठ असतो. पात्रांना तो ठाऊक नसतो, आणि माझा जीव अडकतो तो तिथे.

आता हे बघा. 14 जानेवारी 1761 ला विश्वासराव आणि भाऊसाहेब पडले. नानासाहेब पेशवे तेव्हा कुमक घेऊन उत्तरेकडे निघालेले. वाटेत एका सावकाराचं पत्र हाती लागलं: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची गणतीच नाही. तोवर आठवडा उलटून गेला होता. म्हणजे तितके दिवस एक बाप गेलेल्या मुलाच्या मदतीला चालला होता. रोज तळ पडत असणार, दाणावैरणीवरून कुरबुरी होत असणार, कुणाला तरी उशीर केला म्हणून बोलणी बसत असणार. घाईची कादंबरी रणांगणावरून उडी मारते ती थेट पत्रावर. संथ कादंबरी या तळावर मुक्काम ठोकते. पोराला भेटल्यावर काय बोलायचं, ते बाप मनात जुळवत असतो आणि आपल्याला पान उलटवत नाही. मग पत्र येतं. वाचणारा कारकून आधी तो व्यापारातला तोटा समजून भराभर वाचत सुटतो, आणि 'दोन' या आकड्याशी परत येतो. चांगला लेखक इथे एकही विशेषण वापरत नाही; आधीच्या ऐंशी पानांनी त्याचं काम केलेलं असतं. 23 जूनला नानासाहेबही गेले. मधल्या पाच महिन्यांवर कुणी आणखी दोनशे पानं लिहिली तर मी वाचीन. हसा खुशाल.

आता कबुली. 'संथ म्हणजे खोल' असं मीच पूर्वी ठासून सांगायचो. साफ चूक. बऱ्याच संथ कादंबऱ्या नुसत्या ढिल्या असतात. दोन सरदार एकमेकांना स्वतःचीच वंशावळ ऐकवतात, कारण लेखकाला ती वाचकाला सांगायची असते. तलवारीच्या मुठीवर दीड पान जातं, कारण टिपणं काढलेली वाया कशी घालवायची? आणि अठराव्या शतकातली बाई आजच्या चर्चासत्रातली मतं मांडते, तेव्हा तर पुस्तक मिटावंच.

पारख सोपी आहे. वर्णनाची तीन पानं झाकायची आणि पुढचा प्रसंग वाचायचा. पात्राने जे ठरवलं ते तितकंच पटलं, तर ती तीन पानं भरताड. पटायला कमी पडलं, तर लेखक कामात होता.

पण ही पारखही दर वेळी चालत नाही. कंटाळा मलाही येतो. त्या तळावरच्या माणसांनाही येत असेल. त्यातला कुठला लेखकाने मुद्दाम ठेवला आणि कुठला त्याच्या हातून राहून गेला, हे मला अजून नेमकं सांगता येत नाही.