जामीन झाला, तरी अकरा दिवस

भाऊ जेलात गेल्यावर पहिल्या मुलाकातीला मायने भरीत नेलं होतं. हिवाळ्याची हिरवी वांगी, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली, सोबत कळण्याच्या चार भाकरी फडक्यात बांधलेल्या. गेटवरच्या हवालदाराने डबा उघडूनसुद्धा पाहिला नाही. ‘शिजवलेलं आत चालत नाही, मावशी.’ माय डबा घेऊन लिंबाखाली जाऊन बसली. तिथे आमच्यासारख्याच आणखी सात-आठ बायका होत्या. शेवटी ते भरीत त्यांनीच खाल्लं आणि त्या निमित्ताने आमची ओळख झाली. पुढच्या दोन महिन्यांत वकिलापेक्षा जास्त मला त्या लिंबाखाली समजलं.

झालं होतं असं. दिवाळीनंतर हरभऱ्याच्या पेरणीत बांधावरून भांडण लागलं आणि माझ्या धाकट्या भावाने शेजाऱ्याच्या डोक्यात फावडं घातलं. टाके पडले, हाड मोडलं. फावडं त्यानेच उचललं होतं, हे आम्ही घरात कधी नाकारलं नाही. शेजारी वाचला, हे त्याचंही नशीब आणि आमचंही.

आधी तीन दिवस पीसीआर, म्हणजे पोलिसांच्या ताब्यात. चौथ्या दिवशी कोर्टाने एमसीआर दिला. गावात कुणीतरी म्हणालं, ‘चला, एमसीआर झाला, सुटला.’ मीही तेच समजले. सुटला कसला, तो त्या संध्याकाळी जेलात गेला. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. पोलिसांचा ताबा संपतो आणि साधारण तिथूनच जामिनाच्या अर्जाचा विचार सुरू होतो, एवढाच त्यातला आनंद.

मुलाकातीचं नाव ऑनलाइन नोंदवता येतं, ई-मुलाकात म्हणून. ते सोपं. अवघड पुढचं. आत जाताना कैद्याकडून भेटायला येणाऱ्या नातेवाइकांची नावं लिहून घेतात. भावाने माझं माहेरचं नाव सांगितलं. माझ्या आधारवर सासरचं. पहिल्या आठवड्यात माय एकटी आत गेली आणि मी बाहेर. आत जाताना तिची अंगझडती झाली, पिशवीतला तंबाखूचा बटवा काढून घेतला. मधे काच, दोन्हीकडे फोनचे रिसीव्हर आणि वेळ वीस मिनिटं. माय बाहेर आली तेव्हा तिला काहीच आठवत नव्हतं. ‘जेवना का रे भाऊ, इतलंच इचारं मी,’ म्हणाली. काचेवर आधीच्या माणसांच्या पंजांचे ठसे होते, ते मात्र तिने मला दोनदा सांगितलं.

नाव दुरुस्त करायला लग्नाचा दाखला, सरपंचाचं पत्र आणि दोन चकरा लागल्या. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. पण आलीच तर आत जाणाऱ्याला आधार कार्डावरचं नाव पाठ करून पाठवा.

कच्चा कैदी आणि पक्का कैदी हा फरकही मला लिंबाखालीच कळला. ज्याचा खटला चालू आहे तो कच्चा, कागदोपत्री न्यायाधीन बंदी. शिक्षा झाली तो पक्का, म्हणजे सिद्धदोष. कच्च्याला स्वतःचे कपडे घालता येतात, त्याला मजुरीला लावत नाहीत. आपल्या देशातल्या तुरुंगांत चारातले जवळजवळ तीन जण कच्चे असतात. म्हणजे कायद्याच्या नजरेत निर्दोष, आणि बराकीत रात्रभर दिव्याच्या उजेडात, एकमेकांच्या पायाशी डोकं करून झोपलेले.

त्या बायकांत शिरपूरकडची एक होती. तिचा दीर कच्चा होता, तर नवरा पक्का. शिक्षा झाल्यावर नवऱ्याला नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात हलवलं होतं. ‘तिकडे गणपती रंगवतात हो,’ हे ती अभिमानाने सांगायची. फर्लो आणि पॅरोल तिला तोंडपाठ. फर्लो म्हणजे संचित रजा. ठरावीक शिक्षा भोगली आणि वागणूक बरी असली की मिळते, आणि ते दिवस शिक्षेतच धरतात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, घरात आजारपण, मयत असं कारण लागतं, आणि ते दिवस नंतर भरून द्यावे लागतात. चौथी शिकलेली बाई. तहसीलच्या बाबूला ऐकवावं असं बोलायची.

तिनेच मला विचारलं, ‘वकिलाला किती दिले?’ आकडा ऐकून तिने कपाळावर हात मारला. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. आम्ही तोवर माझी पोत गहाण ठेवली होती.

खालच्या कोर्टाने जामीन नाकारला. सत्र न्यायालयाने बावन्नाव्या दिवशी दिला: पंचवीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे त्याची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. त्या दिवशी आम्ही कोर्टाबाहेर पेढे वाटले. आता आठवलं की लाज वाटते, कारण खरी धावपळ तिथून पुढे होती.

जामीनदाराला सातबारा लागतो आणि तहसीलचा ऐपतीचा दाखला. मामा लगेच तयार झाले, पण त्यांच्या उताऱ्यावर विकासोचा, म्हणजे गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा. चुलत्यांच्या उताऱ्यावर बँकेचा. आमच्या भागात केळी लावणाऱ्याचा सातबारा कोरा सापडणं म्हणजे उन्हाळ्यात नदीला पाणी सापडणं. तिसऱ्या एकाचा उतारा कोरा होता, तर त्याच्या बायकोने मला चहा दिला आणि शांतपणे विचारलं, ‘ताई, तो पळाला तर?’ मला तिचा रागही येईना. मीही तेच विचारलं असतं.

भारतीय न्याय संहितेत शिक्षांचे प्रकार मोजून सहा दिलेत: मृत्युदंड, जन्मठेप, सक्तमजुरीची किंवा साधी कैद, मालमत्ता जप्ती, दंड, आणि नव्याने आलेली समाजसेवा. कोरा सातबारा शोधत गावोगाव फिरणं त्यात कुठे नाही.

शेवटी नाना उभे राहिले. नाते ना गोते, आमच्या मळ्याला लागून त्यांची तीन एकर कोरडवाहू. आयुष्यात कर्ज काढलं नाही म्हणून सारा गाव त्यांना चिंगूस म्हणायचा, मीही म्हटलंय. तलाठी, तहसील, पुन्हा तहसील, मग कोर्टात नानांची उलटतपासणी व्हावी तसे प्रश्न. यात अकरा दिवस गेले. जामीन मंजूर झालेला माणूस अकरा दिवस आतच.

हे पुष्कळांचं होतं, म्हणून ३१ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश देऊन ठेवलाय. जामीन मिळून सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. मला हे तो सुटल्यावर समजलं. तुम्ही आठव्या दिवशी स्वतःच अर्ज घेऊन जा, वाट बघू नका.

सुटकेचा आदेश संध्याकाळी जेलात पोचला. तोवर बराकी बंद झाल्या होत्या, म्हणून आणखी एक रात्र. सकाळी तो छोट्या दारातून वाकून बाहेर आला, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पॅन्ट कमरेवर धरलेली. पट्टा पिशवीत होता, तो लावायचं त्याला सुचलंच नाही. मायने पुन्हा तेच विचारलं, जेवना का.

खटला अजून चालू आहे. महिन्याला तारीख पडते, तो नेमाने जातो. शेजारी बोलत नाही. बांध होता तिथेच आहे. आणि रोज रात्री नऊच्या सुमाराला नानांचा फोन येतो. पीकपाणी, लाइट किती वाजता येणार आहे, सगळं विचारून होतं आणि मग म्हणतात, ‘पोरगा जेवला का?’ माय फोन भावाच्या हातात देते. ‘जेवलो नाना,’ तो म्हणतो. त्याचा आवाज ऐकला की नाना फोन ठेवतात.