१९३७चा प्रूफ सॉव्हरिन

आज ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज याच्या राज्याभिषेकाचा सोन्याचा प्रूफ सॉव्हरिन जवळून पाहायला मिळाला. सॉव्हरिन म्हणजे ब्रिटनचं एक पौंडाचं सोन्याचं नाणं, आणि प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेली, आरशासारखी चकचकीत प्रत. काय देखणं काम आहे! राज्याभिषेकाची १२ मे १९३७ ही तारीख मुळात आठव्या एडवर्डसाठी ठरलेली. त्याने गादी सोडली, तारीख तीच राहिली, राजा बदलला. पाच पौंड, दोन पौंड, सॉव्हरिन आणि अर्धा सॉव्हरिन असे चार नाण्यांचे ५,५०१ संच निघाले. या राजाच्या चित्राचे सॉव्हरिन फक्त याच वर्षाचे, तेही फक्त प्रूफ. त्याच्याच काळात पुढे पाडलेल्या सॉव्हरिनांवर १९२५ साल आणि पाचवा जॉर्ज आहे.

तपासताना आधी कड बघा. ती गुळगुळीतच हवी. खाचा दिसल्या तर नाणं घेऊ नका. वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिमी, सोनं २२ कॅरेट. मग भिंगाखाली कडेवर डाग किंवा कानशीचे ओरखडे शोधा. आपल्याकडे गिन्यांना (सॉव्हरिनला आपण गिनीच म्हणतो) कडी लावून गळ्यात घालायची हौस, आणि काढलेल्या कडीची खूण राहतेच.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पुसण्याने. प्रूफची आरशासारखी पार्श्वभूमी मऊ कापडानेही चरे धरते, आणि ते चरे कायमचे. बोटाचा ठसाही पुढे डाग होऊन बसतो. नाणं फक्त कडेने धरा, खाली जाड कापड अंथरा, पीव्हीसीच्या पाकिटात चुकूनही ठेवू नका. आणि कृपा करून सोनाराकडे पॉलिशला देऊ नका, मग हातात नुसतं सोनंच उरतं!