सुरणाला आमसूल, रताळ्याला मेतकूट

वेफर्स म्हटलं की बटाटा, फार तर केळं. मला मात्र ओढ आहे ती जमिनीखालच्या बाकीच्या मंडळींची: सुरण, अळकुडी, रताळं, कोनफळ, बीट आणि टॅपिओका (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद). जिथे जाईन तिथली पाकिटं घेते, घरी तळते आणि त्यावर कुठला मसाला शोभतो ते बघत बसते. एवढं चाखून माझं एक ठाम मत झालंय. दुकानातली बहुतेक पाकिटं सगळ्या कंदांवर एकच चीज नाहीतर एकच पेरी-पेरी ओततात, आणि मग सुरण खाल्ला की रताळं हे कळतच नाही. ज्या कंदाला घरात शिजवताना जे घालतात, तेच वेफर्सवर भुरभुरलं तर कंद बोलायला लागतो.

याची पहिली जाणीव टॅपिओकामुळे झाली. डोंबिवलीत मल्याळी वस्ती पुष्कळ, त्यामुळे केरळी दुकानात कप्प्याचे, म्हणजे टॅपिओकाचे, वेफर्स सहज मिळतात. पांढरेशुभ्र, बटाट्यापेक्षा कडक, दाताखाली खणखणीत वाजणारे. आमच्या मजल्यावरच्या चेची (मल्याळममध्ये ताई) केरळातल्या पालक्काडच्या. त्या स्वतः खोबरेल तेलात तळतात, आणि मिठाची त्यांची पद्धत मला फार आवडते. चकत्या तळून होत आल्या की मीठ घातलेलं थोडंसं पाणी सरळ कढईत सोडायचं. तेल जोरात तडतडतं, दोन पावलं मागे सरावंच लागतं, पण पाणी उडून जातं आणि मीठ प्रत्येक चकतीला सारखं लागतं. “वरून मीठ टाकू नको मोळे (म्हणजे मुली), ते खाली डब्यात जाऊन बसतं,” असं त्या मला दर वेळी बजावतात.

त्यांच्या घरी उकडलेल्या कप्प्याबरोबर कांथारी मिरची, छोटे कांदे आणि मीठ एकत्र ठेचून, वर कच्चं खोबरेल घालून खातात. कांथारी म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान, पण डोक्यापर्यंत झिणझिण्या आणणारी मिरची. मी ती उन्हात कडकडीत वाळवली, मिठाबरोबर कुटली आणि गरम वेफर्सवर चिमूटभर टाकली. चेचींनी एक तुकडा खाल्ला आणि काही न बोलता डबा स्वतःकडे ओढला.

टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. त्रावणकोरचे विशाखम तिरुनाळ महाराज (कारकीर्द 1880 ते 1885) यांनी त्याच्या लागवडीला जोर दिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला, तेव्हा केरळातल्या गरिबांच्या पोटाला याच कंदाचा आधार झाला. मिरचीही अमेरिकेतूनच, पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आलेली. आफ्रिकेत तिची पेरी-पेरी झाली, केरळात कांथारी. म्हणून टॅपिओकावरच्या पेरी-पेरीला मी नाकं मुरडत नाही. ती जोडी जुनीच आहे. तेच तिखट बीटावर मारलेलं मात्र मला सहन होत नाही.

आता सुरण. माझा सगळ्यात लाडका. केरळात ओणमच्या पानात केळ्याच्या उपेरीबरोबर (म्हणजे वेफर्सबरोबर) सुरणाचे तळलेले कापही असतात, आणि आपल्याकडे तो उपासाला चालतो, तरी वेफर्सच्या दुकानांत त्याला जागा नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. बटाट्यापेक्षा त्याला अंगचीच चव जास्त, थोडीशी अक्रोडाकडे झुकणारी. लोक घाबरतात ते खाजेला. सुरणात आणि अळकुडीत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. म्हणून तर आपल्याकडे सुरणाच्या भाजीत चिंच किंवा आमसूल पडतंच पडतं. हल्ली बाजारात येणारा गजेंद्र जातीचा सुरण फारसा खाजत नाही, तरीही मी चकत्या आमसुलाच्या पाण्यात भिजवून, पुसून मगच तळते. तेल मध्यम तापलेलं हवं. भडक आचेवर कडा करपतात आणि मधला भाग चिवट राहतो.

त्यावर घालायला आमसुलं उन्हात अगदी कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची, सैंधव आणि जिरं घालून दळायची. दमट हवेत हे जमत नाही, पूड लगेच गोळा होते, त्यामुळे एप्रिल-मेमध्येच बरणी भरून ठेवावी. रंग मातकट जांभळा येतो, वेफर्स दिसायला फार देखणे होत नाहीत, पण आंबट आधी येतं आणि मागून सुरणाचा खमंगपणा, तो क्रम मला अप्रतिम वाटतो. उपास नसेल तर मी त्यात तिरफळाचं साल भाजून कुटून घालते. आतली काळी बी काढूनच टाकायची. कोकणात बांगड्याच्या कालवणात ते जे जिभेला मुंग्या आणतं, तेच इथे सुरणावर येतं. माझ्या आईला हे मुळीच पटलेलं नाही. तिरफळ माशाचं, असं ती म्हणते.

अळकुडीबाबत मी अळूवडीचा माग काढला. पान आणि कंद एकाच झाडाचे, मग मसाला वेगळा का शोधायचा? आमचूर, लाल तिखट, गोडा मसाला, भाजलेले तीळ आणि किंचित गुळाची पावडर. गूळ ओल धरतो, म्हणून हे मिश्रण खायच्या वेळीच भुरभुरायचं. खाणाऱ्यांना डोळे मिटून ओळखायला सांगितलं तर बहुतेक जण “अळूवडी!” म्हणतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

कोनफळाची गुरुकिल्ली सुरतेत मिळाली. तिथल्या डुमसच्या किनाऱ्याकडे कंद-पुरी मिळते. कंद म्हणजे आपलं जांभळं कोनफळ. त्याच्या गोल चकत्या बेसनात बुडवून, वर भरडलेले मिरे आणि धणे पेरून तळतात. बेसन वगळून मी फक्त मिरे-धणे उचलले. चकती बुळबुळीत असते, ती धुऊन फडक्यावर कोरडी करावी लागते. तळल्यावर जांभळा रंग बराच उतरतो, पण चव मऊ आणि गोडसर राहते. धणे भरडच हवेत, पूड केली की मजा जाते.

रताळ्यात साखर भरपूर, त्यामुळे ते कुरकुरीत होण्याआधीच लाल होतं. चकत्या दोन मिनिटं गरम पाण्यात काढून, सुकवून, मंद आचेवर तळल्या तर साधतं. बाजारात त्यावर दालचिनी-साखर मारतात. गोडावर गोड मला नको वाटतं. मेतकूट घालून बघा! त्यातली मेथी, सुंठ आणि हिंग गोडीला बरोबर आवर घालतात, आणि भाजलेल्या डाळींची पूड चकतीला छान चिकटते. मात्र झाऱ्याने काढल्याबरोबर, अंगावर तेल असतानाच घालायचं.

बीटाचं मी घरी फार करत नाही. त्यात पाणी इतकं की चकती आक्रसून जाते, आणि साध्या कढईत लाल रंग तपकिरी होतो. कारखान्यात कमी दाबाखाली तळतात, तिथे पाणी कमी उष्णतेला उडतं आणि रंग टिकतो. बीटाला जो मातीचा वास येतो तो जिओस्मिनचा, पावसाने भिजलेल्या जमिनीला येतो तोच. काहींना तो नकोसा होतो. त्यांनी बीटाच्या नुसतं मीठ लावलेल्या वेफर्सवर कारळ्याची चटणी घालावी. लसूण आणि कारळे त्या वासाला दाबत नाहीत, सोबत करतात.

भाची अमेरिकेहून येताना टेरा नावाच्या वेफर्सचं पाकीट आणते. न्यूयॉर्कमधल्या दोन शेफनी 1990 मध्ये ते सुरू केलं. त्यात अळकुडीची थोरली बहीण टॅरो, रताळं, टॅपिओका, पार्सनिप (गाजरासारखं दिसणारं फिकट मूळ) असे काप एकत्र असतात, आणि लाल दिसणाऱ्या चकत्या म्हणजे बीटाच्या रसात रंगवलेली टॅरो. मसाला काही नाही, नुसतं मीठ. मला ते पाकीट आवडतं, कारण त्यात प्रत्येक कंद वेगळा ओळखू येतो. पार्सनिपला गाजर आणि बडीशेप यांच्यामधली चव आहे, त्यावर मी भाजलेल्या जवसाची चटणी घातली आणि ती शोभलीही.

राहिलेत करांदे, वेलीला लागणारे कंद. कोकणात ते उकडून खातात, कडसर असतात, आणि त्या कडूपणाला काय जोडावं हे अजून ठरत नाही. ओल्या काजूच्या दिवसांत काजू, ओलं खोबरं असं काही सुचतं, पण ते वेफर्सवर भुरभुरता येत नाही. सध्या सुकं खोबरं-लसणाची चटणी आणि जरा जास्त मीठ असा प्रयोग डोक्यात आहे. तुमच्या घरी करांद्याबरोबर काय खातात ते मला नक्की कळवा.