वाचकाची ओळ हलू नये म्हणून

दिवाळीला चार दिवस राहिले होते. नाशिकला आत्याच्या घरी चकल्यांची तयारी चालली होती आणि तिचा फोन ओट्यावर भाजणीच्या डब्याला टेकवून उभा केलेला होता. फोनवर माझ्याच पाककृतींच्या संकेतस्थळाचे पान उघडे होते. भाजणीचे प्रमाण आत्याला पाठ आहे, पण मोहन किती घालायचे हे ती दरवर्षी एकदा पाहून घेते, कारण मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते आणि कमी पडले तर कडक होते. तिने मोहनाची ओळ वाचायला घेतली आणि नेमकी त्याच वेळी त्या ओळीच्या वर एक जाहिरात उमटली. खालचा सगळा मजकूर झटक्यात पडद्याबाहेर गेला. ओळ पुन्हा वर आणावी म्हणून आत्याने पिठाचे बोट पडद्याला लावले, ते जाहिरातीवर पडले आणि गाद्यांच्या दुकानाचे पान उघडले. "अरे, मी काहीच दाबलं नाही रे, ते आपोआपच उघडलं," ती मला म्हणाली. तिला वाटले की आपलेच काही चुकले. ती जाहिरात त्या जागी मी लावली होती आणि ती लावताना वाचणाऱ्याच्या बोटाचा व नजरेचा विचार मी केला नव्हता.

त्या संध्याकाळी मी माझी सगळी पाने एका साध्या फोनवर, मंद इंटरनेटवर, एकेक करून उघडून पाहिली. घरातल्या जलद वायफायवर आणि मोठ्या पडद्यावर जे कधी जाणवले नव्हते, ते तिथे प्रत्येक पानावर दिसत होते. रिस्पॉन्सिव्ह जाहिरात, म्हणजे पडद्यानुसार आपला आकार बदलणारी जाहिरात: तिचा कोड पानात एकदा चिकटवायचा आणि पुढचे सगळे तो सांभाळतो, अशी माझी समजूत होती. तो रुंदी सांभाळतो. उंचीसाठी जागा राखण्याचे काम मात्र आपले असते, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

वेबवरच्या जाहिरातींची सुरुवात ठरावीक मापांनी झाली. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये हॉटवायर्ड या संकेतस्थळावर पहिल्या बॅनर जाहिराती झळकल्या, आणि पुढे ४६८ × ६०, ७२८ × ९०, ३०० × २५० अशी पिक्सेलमधली मापे रूढ झाली. सगळे लोक संगणकाच्या पडद्यावर वाचत होते तोवर हे ठीक चालले. फोन आल्यावर ७२८ पिक्सेलची पट्टी ३६० पिक्सेलच्या पडद्यावर मावेना. पडद्यानुसार पानाने आपली मांडणी बदलावी हा विचार वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांच्या २०१० मधल्या लेखामुळे सर्वदूर पोहोचला आणि २०१३ मध्ये गूगलने ॲडसेन्समध्ये, म्हणजे संकेतस्थळांना जाहिराती पुरवणाऱ्या आपल्या सेवेत, रिस्पॉन्सिव्ह जाहिरात उपलब्ध करून दिली.

हा कोड काम कसे करतो, हे समजून घेतल्यावर माझ्या निम्म्या अडचणी सुटल्या. पान उघडताना तो ज्या चौकटीत ठेवला आहे त्या चौकटीची रुंदी मोजतो आणि त्या रुंदीत बसेल अशी जाहिरात मागवतो. म्हणजे तो प्रामुख्याने आपण त्याला दिलेली चौकट पाहतो, आणि तीही त्या क्षणी जशी असेल तशी. माझ्या पानांवर 'साहित्य' आणि 'कृती' असे दोन टॅब होते. उघडताना साहित्य दिसायचे, कृती दडलेली असायची. दडलेल्या भागाची रुंदी ब्राउझरच्या लेखी शून्य असते, त्यामुळे कृतीच्या टॅबमधली जाहिरात कधीच येत नसे आणि कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या त्रुटी दाखवणाऱ्या खिडकीत, उपलब्ध रुंदी शून्य असल्याची त्रुटी नोंदली जाई. कित्येक महिने मला वाटत होते की मराठी पानांसाठी जाहिरातदारच मिळत नाहीत. हेच दुसऱ्या एका पानावर फ्लोट केलेल्या, म्हणजे मजकुराच्या एका बाजूला सरकवलेल्या, चौकटीमुळे झाले होते: आत काही नसेपर्यंत त्या चौकटीला स्वतःची रुंदीच नव्हती. चौकटीला शंभर टक्के रुंदी दिली आणि टॅब काढून साहित्य व कृती एकाखाली एक मांडली, तेव्हा दोन्ही प्रश्न मिटले. टॅब गेल्याने आत्यासारख्या वाचकांची सोयही झाली, कारण पिठाच्या हाताने टॅब बदलणे हाही एक त्रासच होता.

आता उंचीकडे येतो. जाहिरात पानाच्या मजकुराबरोबर येत नाही. आधी मजकूर उमटतो, मग कोड चालतो, मग मागणी जाते, आणि मंद इंटरनेटवर उत्तर यायला काही सेकंद लागतात. तोवर जाहिरातीच्या चौकटीची उंची शून्य असते. वाचक वाचू लागलेला असतो आणि मग ती चौकट एकदम २५० पिक्सेलची होते. गूगलने २०२० मध्ये जाहीर केलेल्या कोअर वेब व्हायटल्समध्ये, म्हणजे पान वाचकाला कसे जाणवते याच्या मापांमध्ये, या हलण्याचे एक माप आहे, ज्याला सीएलएस (क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट) म्हणतात. पडद्याचा किती भाग हलला आणि तो किती लांब हलला, या दोन प्रमाणांचा गुणाकार करून ते काढतात. ०.१ पर्यंत चांगले आणि ०.२५ च्या वर वाईट मानले जाते. आत्याच्या पानाचा हिशेब मी कागदावर मांडला. ६४० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर वरचा पाव भाग सोडून जाहिरात आली, म्हणजे खालचा पाऊण भाग हलला: ०.७५. तो २५० पिक्सेल खाली गेला, म्हणजे उंचीच्या ०.३९. गुणाकार जवळपास ०.२९. एका जाहिरातीने ते पान वाईटाच्या रकान्यात गेले होते. माझ्या मते मात्र मोहनाची ओळ हरवलेल्या माणसाची अडचण या आकड्यापेक्षा जास्त बोलकी आहे.

उपाय सोपा आहे: जाहिरातीभोवतीच्या चौकटीला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या नियमांत, आधीच किमान उंची द्यायची. जाहिरात येईपर्यंत तिथे हलक्या राखाडी रंगाची मोकळी जागा दिसते आणि जाहिरात आली की ती त्याच जागेत बसते. खालची ओळ जागची हलत नाही. यात दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली म्हणजे उंची किमान म्हणून द्यायची, कमाल म्हणून नाही. रिस्पॉन्सिव्ह जाहिरात मर्यादित उंचीच्या चौकटीत ठेवू नये अशी ॲडसेन्सची सूचनाच आहे, कारण मग ती कापली जाते किंवा बाहेर सांडते. दुसरी म्हणजे एकच आकडा सगळ्या पडद्यांना चालत नाही. माझ्या पानांवर फोनवरची जाहिरात कधी २५० तर कधी ३०० पिक्सेल उंच येते आणि संगणकावर मात्र ९० पिक्सेलची आडवी पट्टी पुरते. म्हणून मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणारा सीएसएसचा नियम, वापरून मी फोनसाठी ३०० आणि रुंद पडद्यासाठी ९० अशी किमान उंची ठेवली आहे, आणि वर 'जाहिरात' या शब्दासाठी थोडी वेगळी जागा. रुंद पडद्यावर जाहिरातीचा आकारही आडवाच मागतो. आकार आपोआप ठरू दिला तर तिथे एखादी उंच चौकट येते आणि राखलेली जागा अपुरी पडते.

कधी कधी जाहिरात मिळतच नाही आणि राखलेली जागा रिकामी राहते. जाहिरात न आल्याची खूण कोडवर उमटते आणि तिच्या आधारे ती चौकट लपवता येते, हे मला माहीत आहे. पण वाचकाच्या डोळ्यांसमोर चौकट लपली की खालचा मजकूर वर सरकतो, म्हणजे दुखणे तेच, फक्त उलट दिशेने. मी ती जागा रिकामीच राहू देतो. पानात थोडा मोकळेपणा आला तर वाचणाऱ्याचे काही बिघडत नाही.

जागा कोणती निवडावी, यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. पूर्वी माझी पहिली जाहिरात साहित्याच्या यादीतच वरच्या बाजूला होती, कारण तिथे नजर हमखास जाते. पण स्वयंपाक करताना माणूस साहित्य आणि कृती या दोन भागांत सारखा वर-खाली करत असतो: कृतीत 'मोहन घाला' वाचले की प्रमाण पाहायला साहित्याकडे जातो. त्या वाटेवर तीनशे पिक्सेलचा अडथळा घालणे आणि तोही बोट लावताच दुसरीकडे नेणारा, हे बरोबर नव्हते. अजाणता पडलेल्या अशा क्लिकचा कुणालाच उपयोग नसतो. जाहिरातदाराचे पैसे वाया जातात, गूगल असे क्लिक अवैध ठरवू शकते आणि वारंवार घडले तर खात्यावर कारवाई होऊ शकते. आता पहिली जाहिरात कृती संपल्यावर येते आणि दुसरी वाचकांच्या शंकांच्या उत्तरांनंतर. छापण्याचे बटण आणि जाहिरात यांच्यात एक पूर्ण परिच्छेद असतो. फोनवर जाहिरात पडद्याच्या कडांपर्यंत पसरू शकते, त्यामुळे अंगठा ठेवायला बाजूला जागा उरत नाही. ते पसरणे मी बंद केले आहे.

संख्येबाबतही एक मर्यादा पाळतो. ॲडसेन्सने एका पानावर तीनच जाहिरातींची अट २०१६ मध्ये काढून टाकली, पण त्रासदायक जाहिरातींचे निकष ठरवणाऱ्या कोअलिशन फॉर बेटर ॲड्स या संस्थेनुसार फोनवर जाहिरातींची एकूण उंची मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून अधिक नसावी. माझी चकलीची कृती फोनवर सुमारे चार हजार पिक्सेल लांब आहे. म्हणजे बाराशे पिक्सेल, तीनशेच्या चार जाहिराती बसतात. बसतात म्हणून मी चार लावत नाही. सर्व्हर आणि डोमेनचा खर्च निघावा एवढीच माझी गरज आहे, आणि तो दोन जाहिरातींत निघतो. बदल केल्यावर पहिल्या महिन्यात उत्पन्न कमी झाले, हे सांगायला हवे. त्यातला कितीसा भाग आत्यासारख्यांच्या चुकून पडलेल्या बोटांचा होता, याचा विचार केला तेव्हा ते कमी झाल्याचे मला वाईट वाटले नाही.

यंदा दिवाळीला पुन्हा नाशिकला गेलो होतो. डबा तोच होता, फोनही तोच. आत्याने मोहनाची ओळ वाचली, तेल कडकडीत तापवले, चमच्याने मोजून भाजणीवर ओतले आणि पीठ मळायला घेतले. जाहिरात खाली, कृतीच्या शेवटी, आपल्या जागेवर आली होती. मळून झाल्यावर तिने हात धुतले, पान शेवटपर्यंत सरकवले आणि मला विचारले, "ही साच्याची जाहिरात आहे ना? आपला साचा जुना झालाय, उघडून बघू का?"