मागची सीट

सोमवार, रात्री

मुलाची शाळेच्या फुटबॉल संघात निवड झाली. पंधरावं चालू आहे. यादी लागल्यापासून पठ्ठ्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. मीही खूश आहे, खोटं कशाला बोलू, त्याच्यापेक्षा कांकणभर जास्तच. मी दोन वर्षं राखीव गोलकीपर म्हणून बाकावर बसून काढली, आणि माझं पोरगं थेट पहिल्या अकरात.

संध्याकाळी पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार झाला. कुणीतरी लगेच लिहिलं, ‘आजपासून आपण सगळे एक कुटुंब. संघातल्या गोष्टी संघातच राहतील.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. मीही एक टेकवला.

आणि आता साडेबारा वाजलेत, झोपेचा पत्ता नाही. आमचे सर हेच म्हणायचे, फक्त थोडक्यात. ‘बसमधलं बसमध्येच.’

मंगळवार

काल रात्री उठून जुनं काहीबाही वाचत बसलो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं स्टुबेनव्हिल. तेव्हा ओझरतं कानावर आलं होतं, काल पहिल्यांदा नीट वाचलं.

जेमतेम अठरा हजार वस्तीचं, ओहायो नदीकाठचं गाव. पोलादाचे कारखाने होते तोवर बरं चाललं होतं. ते बंद पडत गेले, माणसं निघून गेली आणि गावाकडे मिरवण्यासारखं एकच उरलं, हायस्कूलचा फुटबॉल संघ, ‘बिग रेड’. फुटबॉल म्हणजे त्यांचा, हातात चेंडू घेऊन पळायचा. अठरा हजारांच्या गावात दहा हजारांचं स्टेडियम! धावफलकावर एक घोडा बसवलाय. संघाला गुण मिळाला की त्याच्या तोंडातून खरोखरची आग निघते. हे वाचून मला आधी हसू आलं, मग मत्सर वाटला. आमच्यासाठी कुणी साधा फटाका लावला नव्हता.

ऑगस्ट २०१२. सुट्टी संपत आलेली, एका रात्री दोन-तीन घरी पार्ट्या. नदीपलीकडच्या वेस्ट व्हर्जिनियातली सोळा वर्षांची मुलगी दारूने पार बेशुद्ध. संघातल्या दोन मुलांनी तिच्यावर अत्याचार केला. बाकीच्यांनी पाहिलं, फोटो काढले, पुढे पाठवले. सकाळी तिला जवळजवळ काहीच आठवत नव्हतं. आपल्यासोबत काय झालं हे तिला कळलं ते बरंचसं इतरांच्या फोनवरून. सगळ्या गावाला तिच्याआधी माहीत होतं.

त्याच रात्रीचा एक व्हिडिओ पुढे जानेवारीत बाहेर आला, साधारण बारा मिनिटांचा. त्यात अत्याचार नाही. एक मुलगा तिच्याबद्दल विनोद करतोय आणि खोलीतली पोरं हसतायत, इतकंच. मध्येच एक आवाज आक्षेप घेतो, तुझी मुलगी असती तर, असं विचारतो. त्याच्यावरूनही हशा पिकतो.

मी तो व्हिडिओ पाहिला नाही, वर्णन वाचलं. पाहायची गरज नव्हती. ते हसू मला माहीत आहे.

मंगळवार, उशिरा

बायकोने विचारलं, रात्री जागून काय वाचतोस? सांगितलं. ती म्हणाली, ‘पोराची निवड झाल्यावर बाप असलं वाचतो का?’ मग थोडं थांबून, ‘त्या मुलीचं काय झालं?’

त्या मुलीचं काय झालं हे फारसं कुठे लिहिलेलं नाही. ते एका परीने बरंच आहे, तिचं नाव बहुतेकांनी छापलं नाही. संघाचं मात्र इत्थंभूत सापडतं.

बुधवार

खटल्याचं वाचलं. मार्च २०१३, अल्पवयीनांचं न्यायालय, बाहेरून आणलेले न्यायाधीश, बाहेरून आलेले सरकारी वकील. गावच्या सरकारी वकील बाईंचा मुलगा संघाशी जोडलेला, त्यामुळे त्या बाजूला झाल्या. छोट्या गावात हे होणारच. तिथे कायद्याचा माणूसही शुक्रवारी रात्री सामन्याला प्रेक्षकांत असतो.

एक साक्ष डोक्यातून जात नाही. एक मुलगा, आरोपी नाही, संघातल्या पोरांचा मित्र. त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. थांबवलं का नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला की ते हिंसक वाटलं नाही, बलात्कार म्हणजे जबरदस्ती, झटापट, असं त्याच्या डोक्यात होतं. ती तर हलतही नव्हती.

आणि याच मुलाने त्याच रात्री काय केलं होतं? दारू प्यायलेला एक मित्र गाडी चालवायला निघाला, तर युक्तीने त्याच्याकडून किल्ली काढून घेतली होती.

म्हणजे पोरगं वाईट नव्हतं, घाबरटही नव्हतं. पिऊन गाडी चालवू द्यायची नाही, हे त्याला कुणीतरी शंभर वेळा सांगितलं असणार, म्हणून वेळ आली तेव्हा हात आपोआप किल्लीकडे गेला. शुद्धीत नसलेल्या मुलीबद्दल कुणी एकदाही बोललं नसावं. मी माझ्या मुलाशी बोललोय का? हेल्मेटवर मी त्याला अर्धा तास व्याख्यान देऊ शकतो.

तपासात जवळपास चार लाख मेसेज तपासले गेले. एकात दोघा आरोपींतला एकजण मित्राला सांगतोय की प्रशिक्षकांनी सांभाळून घेतलंय, काळजी नको. न्यायालयात हे वाचून दाखवलं गेलं. प्रशिक्षकांवर गुन्हा दाखल झाला नाही, ते खरंच काय म्हणाले ते तेच जाणोत. पण पोराची खात्री बघा. सोळाव्या वर्षी त्याला पक्कं माहीत होतं की आपल्यामागे कोण उभं राहील. एप्रिलमध्ये, निकालानंतर महिन्याभरात, प्रशिक्षकांचा करार दोन वर्षांनी वाढवला.

दोघेही दोषी ठरले. एकाला किमान एक वर्ष, दुसऱ्याला फोटोमुळे आणखी एक, अशी किमान दोन. निकाल ऐकून मुलं रडली. त्या दिवशी टीव्हीवर त्यांच्या होतकरूपणाबद्दल हळहळ झाली, चांगले खेळाडू, चांगले विद्यार्थी, आयुष्य उद्ध्वस्त. त्यावर लोक भडकलेही. पण ‘होतकरू’ हा शब्द कुणाच्या वाट्याला येतो ते पाहण्यासारखं आहे. ती मुलगीही अभ्यासात हुशार होती, तीही खेळाडू होती. हे मला पाचव्या की सहाव्या लेखात सापडलं.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तिला ऑनलाइन धमक्या दिल्याबद्दल दोघांना अटक झाली. दोन मुली, पंधरा आणि सोळा वर्षांच्या.

बुधवार, पुढे

पुढे ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, गावातल्या मोठ्या माणसांकडे मोर्चा वळवला. सहा जणांवर आरोप ठेवले, त्यात तिथल्या शाळांचे अधीक्षकसुद्धा. त्यांच्यावरचे आरोप २०१५ मध्ये मागे घेतले गेले, राजीनाम्याच्या बदल्यात. प्रकरण चव्हाट्यावर आणणाऱ्यांतला एक हॅकर होता, त्याला २०१७ मध्ये दोन वर्षांची कैद झाली. हॅकिंग गुन्हा आहे, कबूल. तरी आकडे शेजारी शेजारी ठेवले की कसंतरी होतं.

अशी गावं एकदोन नाहीत. मिझुरीतलं मॅरीव्हिल, तेही २०१२. चौदा वर्षांची मुलगी, आरोपी फुटबॉल खेळणारा. तिथे तर मुलीचा सख्खा भाऊ त्याच मुलांसोबत खेळायचा. आईची नोकरी गेली, कुटुंबाने गाव सोडलं, मागे राहिलेलं घर जळलं. त्याआधी न्यू जर्सीतलं ग्लेन रिज, १९८९. मुलगी मतिमंद होती, संघातल्या मुलांना लहानपणापासून ओळखायची. जवळजवळ चार वर्षांनी निकाल लागला. तेव्हा मोबाइल नव्हते, म्हणजे दोष फोनचा आहे असं म्हणायचीही सोय नाही.

मला वाटायचं, गावं गप्प बसतात ती भीतीने. आता तसं वाटत नाही. भीतीने गप्प बसलेला माणूस कधीतरी, कुणाच्या तरी कानात बोलतो. इथे लोक प्रेमाने गप्प होते. पोरं आपली, जर्सी आपली, शुक्रवारची रात्र आपली. पहाटे उठणं, एकमेकांसाठी गुडघे फोडून घेणं, दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेणं, हे सगळं ज्यामुळे जमतं तेच हेही जमवून नेतं. म्हणून ते इतकं अवघड आहे. नुसतं वाईट असतं तर मी पोराला संघात घातलंच नसतं.

शनिवार

पालकसभा. किट, प्रवास, गुणांकडे दुर्लक्ष नको वगैरे. शेवटी सर म्हणाले, काही शंका?

मी उठलो. घसा कोरडा पडला होता, या वयात! म्हटलं, ‘शिबिरात मुलींचाही संघ असणार. एखादीला आपल्यातल्या कुणाचा त्रास झाला, तर तिने कुणाकडे जायचं? सरांकडेच, की संघाबाहेरचं कुणी आहे?’

खुर्च्या करकरल्या. मागून एकजण म्हणाले, ‘अहो, चांगल्या दिवशी हे कशाला?’ सर हसून म्हणाले, ‘माझा माझ्या पोरांवर पूर्ण विश्वास आहे.’ टाळ्या पडल्या. माणूस चांगला आहे, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण मी विश्वासाबद्दल विचारलं नव्हतं, मी पत्ता विचारला होता.

गाडी काढताना एक बाई जवळ आल्या. त्यांची मुलगी मुलींच्या संघात आहे. म्हणाल्या, ‘मग ठरलं काय? कुणाकडे जायचं?’ मी म्हटलं, काही ठरलं नाही. त्यांनी माझा नंबर घेतला. उद्या दोघं मिळून मुख्याध्यापकांना लेखी द्यायचं ठरवलंय. ग्रुपवर आत्तापर्यंत दोघांनी मला ‘मुलांचं मनोबल’ या विषयावरचे संदेश पाठवलेत.

रविवार, रात्री

आज मुलाला सांगितलं. आधी स्टुबेनव्हिलचं, किल्लीपर्यंत. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘पण बाबा, आपले असले नाहीत.’

मग मी बसचं सांगितलं. एकोणतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

बाहेरगावी सामने होते, मुलामुलींचे संघ एकाच बसने गेलो होतो. परतताना आम्ही मागच्या सीटवर. कप्तान आणि आणखी एकजण आदल्या रात्रीचं सांगत होते, धावण्याच्या संघातल्या एका मुलीबद्दल. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. तिने नको म्हटलं होतं, हे त्यांच्याच सांगण्यात होतं, तोच त्यातला विनोद होता. ती पुढे बसली होती, बाईंच्या शेजारी, कपाळ खिडकीला लावून. रस्ता खराब होता, खड्ड्यात बस आदळली की कपाळ काचेवर आपटत होतं आणि तरी ती डोकं काढत नव्हती. मागे हसणं चाललं होतं. मी हसलो. नुसतं तोंडदेखलं नाही, चांगलं मोठ्याने. राखीव गोलकीपरला मागच्या सीटवर जागा मिळाली होती, ती टिकवायची होती.

ती नंतर सरावाला आली नाही. ‘नाटकी आहे’ असं कुणीतरी म्हणालं. सरांनी विचारलंच नाही, किंवा विचारलं असेल तर आमच्यापर्यंत आलं नाही. पुढच्या वर्षी ती शाळेत नव्हती. कप्तानाचा सत्कार झाला, त्यात मी टाळ्या वाजवल्या.

हे सगळं मुलाला सांगितलं, हसल्याचंसुद्धा. तो खाली बघत बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होता. मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल, चिडेल, उठून जाईल. बराच वेळ गेला.

मग त्याने विचारलं, ‘मॅच जिंकला होतात का?’

‘हो,’ मी म्हणालो. ‘२-१.’

क्षणभरही आठवावं लागलं नाही. दुसरा गोल कुठल्या मिनिटाला झाला तेही सांगितलं असतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग नाडी सोडली आणि बूट घेऊन आत गेला.