बोर्ड परवडलं, पण ती खिडकी नको

ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, लांब आजारी रजेवर असलेल्या माणसाला सगळे मेडिकल बोर्डाची, म्हणजे तपासून मुदत वाढवायची का ते ठरवणाऱ्या डॉक्टरांची, भीती घालतात. "चालून दाखव म्हणतात, आणि चाललास की पैसे बंद," असं मला आमच्या कारखान्याच्या गेटवर तिघा-चौघांनी तरी सांगितलं. माझं बोर्ड चहा निवायच्या आत आटपलं. जीव खाल्ला तो बोर्डापुढे ठेवायच्या एका कागदानं, आणि तो कागद ज्या इस्पितळातून आणायचा होता तिथल्या रेकॉर्डच्या खिडकीनं. इस्पितळाचं नाव लिहीत नाही. बेळगावात औषधपाणी केलेल्यांनी अशा खिडक्या पाहिलेल्या आहेत.

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डर, वाळूचे साचे करणारा. राहायला येळ्ळूर. २०२३ च्या पावसाळ्यात डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या, पुढं कमरेपासून पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखी कळ. एमआरआयमध्ये कमरेच्या एल-४ आणि एल-५ ह्या मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. ईएसआयच्या दवाखान्यानंच टाय-अप, म्हणजे ईएसआयशी करार असलेल्या, इस्पितळात पाठवलं, ऑपरेशन झालं, खिशातून पैसा गेला नाही. ऑपरेशनबद्दल माझी तक्रार शून्य.

पैशाचं गणित आधी सांगतो, कारण आमच्यातल्या निम्म्या लोकांना ते माहीतच नसतं. माझा रोज ६०० रुपये, भरलेले २६ दिवस, म्हणजे पगार १५,६००. त्यातले पाऊण टक्का, म्हणजे ११७ रुपये, माझे कापले जायचे आणि सव्वातीन टक्के मालक भरायचा. साधा आजार असला तर रोजाच्या ७० टक्के मिळतात, म्हणजे मला ४२०. पण ते ९१ दिवसच. पुढं काय? तर ईएसआयची ३४ लांबणाऱ्या आजारांची एक यादी आहे. टीबी, कॅन्सर, अर्धांगवायू, आणि सरकलेली गादीसुद्धा तिच्यात आहे. यादीतला आजार असला, दोन वर्षं सलग नोकरी असली आणि मागच्या चार (सहा-सहा महिन्यांच्या) वर्गणी-काळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर ८० टक्क्यांनी पैसे पुढं चालू राहतात, अगदी दोन वर्षांपर्यंत. फक्त ते आपोआप चालू राहत नाहीत. मधे तपासणी असते, बोर्ड असतं.

आणि बोर्डाला कागद लागतो.

इस्पितळाचा ओपीडीचा कागद माझ्याकडं होताच. त्यावर लिहिलेलं: विश्रांती, फिजिओथेरपी, चार आठवड्यांनी दाखवा. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "ह्यावरून बोर्डानं काय ठरवायचं? तुम्हाला काय करता येत नाही आणि किती दिवस येणार नाही, हे कुठं आहे ह्यात? सर्जनकडून लेटरहेडवर लिहून आणा." सरळ काम वाटलं.

ओपीडीत गेलो. तिथली मुलगी म्हणाली, फॉर्मॅट रेकॉर्डमधून आणा. रेकॉर्डची खिडकी तळमजल्यावर, जिन्याखाली. तिथल्या मॅडम म्हणाल्या, फॉर्मॅट ईएसआयवाले देतात. परत दवाखाना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, ह्याला फॉर्मॅट नसतो म्हणून तर लेटरहेड म्हटलं." परत ओपीडी. लेटरहेडचं पॅड संपलेलं, नवीन कपाटात, कपाटाची किल्ली सिस्टरकडं, सिस्टर नाइट ड्युटीला. हे सगळं मी कमरेला पट्टा बांधून करत होतो. त्या खिडकीसमोर बसायला एक साधं बाकडंही नाही. एक खांब आहे, त्याला पाठ लावून मी उभा राहायचो. कमरेच्या उंचीला त्या खांबाचा रंग निघून तुळतुळीत झालाय, म्हणजे माझ्या आधी किती कंबरा तिथं टेकल्या असतील बघा. माझ्यामागच्या एका आजींनी मला विचारलं, "बाळा, तुझंबी कंबरच काय?"

पुढच्या खेपेला पॅड होतं, पण सर्जन कॉन्फरन्सला. ज्युनियर सही करायला तयार नाही. त्याचं बरोबरच आहे म्हणा, ऑपरेशन त्यानं केलेलं नव्हतं. तोवर ९१ दिवस संपले आणि खात्यात पैसे यायचे थांबले. घरात बायकोनं भिशी उचलली. सोसायटीचा हप्ता तटला. भाऊ म्हणाला, "सोड की ते, जा कामाला हळूहळू." हळूहळू मोल्डिंग होत नसतं. भट्टीत लोखंड तयार झालं की ते कुणाच्या कंबरेसाठी थांबत नाही.

शेवटी कागद हलला तो मी एक पान लिहून नेलं तेव्हा. वहीचं पान फाडून मराठीत लिहिलं, आणि आमच्या सुपरवायझरकडून त्याचं इंग्रजी कारखान्याच्या कागदावर सहीशिक्क्यानिशी करून घेतलं. काम काय, तर आठ तास उभं राहून वाकून वाळू ठोकणे, मोल्डचा बॉक्स दोघांनी उचलून फिरवणे, बॉक्सचं वजन वाळूसकट किती, ओतकामाला लाडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं भांडं, धरून चालणे, फरशी सपाट नाही. सर्जनसाहेबांनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि खुर्चीत बसले. "बॉक्स साठ-सत्तर किलोचा? आणि दिवसात कितीदा?" मी आकडा सांगितला. त्यांना वाटलेलं की मी मशीनवर बटण दाबायचं काम करतो. कारखाना म्हटलं की डॉक्टर लोकांच्या डोळ्यापुढं तेच येतं, त्यांचा दोष नाही. मग त्यांनी स्वतः अर्धं पान लिहिलं: वाकणं नको, दहा किलोवर उचलणं नको, सलग उभं राहणं अर्ध्या तासावर नको, तीन महिने.

इथं संपलं असं वाटेल. शिक्का राहिला होता. म्हणजे परत ती खिडकी. मॅडमनी आधी कॉम्प्युटर पाहिला. नाव जुळेना. माझ्या नावात त आहे. कानडी पद्धतीनं इंग्रजीत त लिहिताना टीपुढं एच लावतात, आम्ही लावत नाही. इस्पितळात नोंद एच घालून, ईएसआयच्या कार्डावर एचशिवाय. "हे तुम्हीच कशावरून?" ज्या बाईंनी मला इतक्यांदा परत पाठवलेलं त्याच विचारतात! आधार दाखवलं, त्याची झेरॉक्स हवी, झेरॉक्सचं दुकान रस्त्यापलीकडं. आलो. मग स्टॅम्पपॅड वाळलेलं. त्यांनी शिक्क्यावर तोंडानं हा करून वाफ दिली आणि दाबला. कागदावर उमटली ती अर्धी चंद्रकोर, डॉक्टरांचा नोंदणी नंबर गायब. मी म्हटलं, "मॅडम, अजून एकदा मारा." "एकदा मारलाय." मी हललो नाही. मागं लाइन वाढली, लोक बोलायला लागले, तेव्हा दुसऱ्या टेबलावरून ओलं पॅड आलं. हे ओलं पॅड सहा हातांवर होतं हो, पहिल्यापासून!

म्हणून सांगतो: डॉक्टरच्या शिक्क्यात नोंदणी नंबर वाचता आला पाहिजे, खिडकी सोडायच्या आत बघून घ्या. आणि कागदाच्या तीन झेरॉक्स.

बोर्डात कुणी उघडं केलं नाही. टेबलावर उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला, किती अंशाला कळ येते ते पाहिलं. टाचेवर चाल, चवड्यावर चाल, गुडघ्याखाली आणि घोट्यामागं हातोडी. मग एका डॉक्टरांनी आपल्याकडच्या कानडीत विचारलं, "एष्ट होत्त निंद्रतीरी?" किती वेळ उभे राहता. मी कानडीतच खरं ते सांगितलं, की अर्धा तास, पुढं पाय जड होतो. कानडी येत नसेल तर मराठीत बोला, समजतं त्यांना, पण उत्तर लांबवू नका. आणि नाटक करू नका. तपासताना कण्हणारा माणूस नंतर वाकून चप्पल कशी घालतो, हे ते बघत असतात. माझ्या पुढच्या गड्याला तसं बघताना मी स्वतः पाहिलं. माझा सर्जनचा कागद आणि फौंड्रीचा कागद शेजारी शेजारी ठेवून त्यांनी वाचले, आणि मुदत वाढली. अडकलेले पैसेही मागाहून एकदम आले, रोजाला ४८० प्रमाणं.

आठवलं तसं अजून. दर आठवड्याचं सर्टिफिकेट चुकवू नका. मधे दोन दिवसांची फट पडली की तेवढ्या दिवसांचे पैसे गेले. आजार लांबला की डॉक्टर चार आठवड्यांचं एकदम देऊ शकतात, मात्र ते विचारावं लागतं. शाखा कार्यालयाकडून कारखान्याला एक फॉर्म जातो, हा माणूस खरंच गैरहजर आहे का म्हणून. आमच्या क्लार्कनं मधले काही दिवस पगारी रजेत दाखवायचं ठरवलेलं, मला मदत म्हणून. पगारी रजेच्या दिवसाला ईएसआयचे पैसे मिळत नाहीत. वेळेत कळलं म्हणून थांबवलं, तेव्हा क्लार्कला आधीच भेटून घ्या.

रजेत दुसरं काम करायचं नाही, परवानगीशिवाय गाव सोडून जायचं नाही, हेही नियमात आहे. आमच्या येळ्ळुरात रोप लावणीच्या दिवसांत घरी बसलेला माणूस सगळ्यांच्या डोळ्यात येतो. मी बांधावर छत्री घेऊन नुसता उभा राहिलो, तरी दोघांनी विचारलं, "काय, बरा झालास की!" तपासणीला कुणी घरी आलं असतं तर हेच ऐकवलं असतं त्यांनी.

आणि बरे झालात तरी कामावर जायला हरकत नाही असं फायनल सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय गेटवर पंच करू नका. आमच्याकडं एरवी हलकं काम असं नसतंच, त्याआधी गेलो असतो तर सरळ मोल्डिंगलाच लागलो असतो. आता सुपरवायझरनं फायनलची तारीख बघून मला इन्स्पेक्शनला, स्टुलावर, बसवलंय. पुढच्या तपासणीचा कागद त्याच इस्पितळातून आणायचाय. ह्या वेळी स्टॅम्पपॅड घरून घेऊन जाणार आहे.